कावळा लगेच शिवला

ताई,

कावळा लगेच शिवला.

पिंड ठेवून गुरुजी मागं सरकतात न सरकतात, तोच समोरच्या झाडावरून तो उतरला आणि इकडंतिकडं न बघता सरळ तुझ्या पिंडावर बसला. भाऊजींचे जोडलेले हात तसेच राहिले. तुझी मुक्ता म्हणाली, "झालं? एवढंच?" गुरुजींनी समाधानानं मान हलवली. "पुण्यवान बाई हो. काही अडकलं नव्हतं त्यांचं. नाहीतर लोक इथं दुपारपर्यंत उभे असतात, एकेक वचन देत. धाकट्याचं लग्न लावून देतो, भावाशी भांडण मिटवतो. कावळा ढिम्म हलत नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून लावावा लागतो." सगळ्यांना बरं वाटलं. मागची मंडळी आपलं ताट घेऊन ताटकळत होती. त्यांना जागा करून द्यायला आम्ही बाजूला झालो.

मी वचन तयार करून आलो होतो, ताई.

माझी खात्री होती की तुझा कावळा सहजासहजी शिवायचा नाही. लोक एकमेकांकडे बघतील, हिचं काय राहिलं असेल म्हणून कुजबुजतील. भाऊजी मुक्ताच्या लग्नाचं बोलतील आणि तरी तो यायचा नाही. मग मी पुढं होईन आणि सगळ्यांदेखत बोलेन. वाक्यही जुळवून ठेवलं होतं. घाटावर येताना रिक्षात त्यातला एक शब्द काढला, एक मागंपुढं केला. तुझ्या दहाव्याला जातानाही मी मुद्रितंच तपासत होतो.

आणि मला कुणी काही विचारलंच नाही. त्या क्षणी काय वाटलं ते आता लिहून टाकतो, नाहीतर पुन्हा गिळून बसेन. सुटलो, असं वाटलं. दुःख नंतर आलं.

तुला हे सांगायची गरज नाही, पण वाचणाऱ्यांना आहे. मी पुष्कळ लिहिलं, पण लोकांना माझी एकच कादंबरी माहीत आहे. तिच्यात एक म्हातारी आई आहे, हळूहळू सगळं विसरत चाललेली. एक मुलगा आहे, लेखक, हळवा, हतबल. आणि एक मुलगी आहे, निर्मला. आईला ठेवून घ्यायची वेळ येते तेव्हा निर्मला भावाला दारातच सांगते, "जागा आहे रे घरात. पण आई आली की मग मला जागा उरत नाही." या वाक्यावर लोक रडले. लोकांनी ते फोनवरून एकमेकांना पाठवलं, खाली हात जोडल्याची चित्रं लावून. कादंबरी बीएला लागली तेव्हा परीक्षेत प्रश्न आला, 'निर्मलेच्या स्वार्थी वृत्तीचे सोदाहरण विवेचन करा.'

ते वाक्य मी आधी बोललो होतो आणि मग लिहिलं.

आई तेव्हा गावी, मांजरीला, एकटीच राहायची. गॅस चालू ठेवून शेजारी जाऊन बसायची, तासाभरानं परत येताना घर चुकायची. तू तिला रिक्षात घालून माझ्याकडे कोथरूडला आणलंस. तिला खाली रिक्षातच बसवून तू एकटी वर आलीस, आधी माझ्याशी बोलायला. मी दार उघडलं, पण पुरतं नाही.

"तुझ्याकडे ती आतली खोली आहे ना," तू म्हणालीस. "निदान पावसाळाभर. माझ्याकडे सासूबाईंचीच कॉट कशीबशी मावते."

"खोली आहे गं. पण आई आली की मग मला जागा उरत नाही."

तू माझ्या खांद्यावरून आत बघितलंस. टेबल, कागद, बंद पंखा. वारं लागून कागद उडू नयेत म्हणून मी पंखा लावत नसे. "बरं," म्हणालीस. एवढंच. खालून आईचा आवाज आला, ती रिक्षावाल्यालाच सांगत होती बहुतेक, "नंद्याचं लिवणं चाललंय. त्याला नगं तरास. मी लेकीकडं बरी हाय." तू जिना उतरलीस. त्याच रिक्षानं तुम्ही बिबवेवाडीला गेलात.

इलेक्ट्रिकच्या दुकानावरच्या त्या दोन खोल्यांत तुम्ही आधीच चौघं होतात. आई पाचवी. ती शेवटपर्यंत तिथंच राहिली, तुझ्याकडे. मी रविवारी यायचो, पेढे घेऊन. तू घरच्यांना चहा पेल्यात द्यायचीस आणि मला कपबशीत. मला ते कळायचं. मी बशीत ओतून प्यायचो, घरचा असल्यासारखा.

कादंबरीत मी माणसं बदलली. नकळत झालं, पात्रं आपापली वाट काढतात, वगैरे मी व्यासपीठांवरून सांगत आलो. खोटं आहे ते. पहिल्या खर्ड्यात नकार मुलाचाच होता. प्रसंग चांगला उतरला होता. पण वाचताना मला तो मुलगा आवडेना, आणि मला आवडला नाही तर वाचकाला कुठून आवडणार? मग एका दुपारी मी तो नकार मुलाकडून काढला आणि बहिणीला दिला. वाक्य तसंच ठेवलं, फक्त तोंड बदललं. आणि कादंबरी उभी राहिली, ताई. दोन वर्षं लंगडत होती ती तरातरा चालायला लागली. ती खोटी झाल्यावर चांगली झाली, ही गोष्ट मला आजही पचत नाही. लेखनातून सत्य सापडतं, असं मी नव्या मुलांना सांगतो. मला जे सापडलं ते वेगळंच होतं. आपली लाज दुसऱ्याच्या अंगावर चढवली की ती फार रेखीव दिसते. स्वतःच्या अंगावर असते तोवर ती नुसती खाजते.

पहिली प्रत तुलाच दिली होती. मी दोन दिवस फोनकडे गेलो नाही. मग तूच आलीस, आणि म्हणालीस काय, तर, "आईला तू आपल्यासारखं बोलायला लावलंस. आई कधी 'आहे' म्हणाली होती का रे? 'हाय' म्हणायची. ही कुणा प्राध्यापकाची आई वाटते."

मी म्हटलं, वाचकाला मांजरीची बोली अडते. तू म्हणालीस, वाचकाला अडत नाही, तुला अडते. हे भांडण आपण पुढं किती वर्षं पुरवून खाल्लं! दिवाळीत, मुक्ताच्या बारशाच्या व्हिडिओसमोर, आईच्या वर्षश्राद्धाला. हे खरं भांडण नव्हे, हे दोघांनाही ठाऊक होतं. म्हणून तर मजेत भांडता यायचं.

गोष्ट सांगायची कशी ते मी तुझ्याकडूनच शिकलो, हे कधी कुठल्या मुलाखतीत सांगितलं नाही. जत्रेतल्या तंबूत सिनेमा बघायला तुला मामानं नेलं होतं, मला ताप होता. दुसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता तू मला तो अख्खा सिनेमा सांगितलास. नेमका खलनायक दार वाजवायला लागला की तू भाकरी उलटायला थांबायचीस. "मग?" मी ओरडायचो. "थांब की, करपंल." पुढं तो सिनेमा मी खरोखर पाहिला. तू सांगितलेलं निम्मं त्यात नव्हतंच. पण तुझ्या सिनेमात सगळ्यांना न्याय मिळाला होता. मी तुझ्याकडून थांबणं तेवढं उचललं.

आई गेल्यावर तुम्ही दुकानावरच्या खोल्या सोडून सोसायटीत आलात. तिथं आईला कुणी पाहिलेलं नव्हतं. पण माझा फोटो सगळ्यांनी पेपरात पाहिला होता, आणि मी तुझा भाऊ, हे भाऊजींनी कौतुकानं सोसायटीभर केलं होतं. बाकीचं बायकांनी जुळवलं. संक्रांतीला वरच्या मजल्यावरच्या बाईंनी हळदीकुंकू केलं. प्लॅस्टिकचे डबे नकोत, यंदा विचारांचं वाण, असं म्हणून त्यांनी पुस्तकं वाटली. तुझा फोन आला.

"तुझी कादंबरी मिळाली बरं का. वाणात. तिळगुळासकट."

"काय सांगतेस!"

"मी म्हटलं, अहो माझ्याकडे आहे. तर म्हणाल्या, असू दे हो, तुम्ही तर पुन्हा वाचायलाच हवी. वर गोड बोला म्हणाल्या."

मी हसलो. तूही हसलीस.  पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

"नंदू, एक काम करशील? मला माफीबिफी नको. लोकांपुढं रडूही नको, तुला ते शोभत नाही. पुढच्या आवृत्तीत पहिल्या पानावर एक ओळ घाल. आई बहिणीकडे होती, शेवटपर्यंत. एवढंच. मुक्ता उद्या कॉलेजात जाईल रे."

"घालतो," मी म्हटलं.

मी ती ओळ घातली नाही. पुढची आवृत्ती आली, तिच्यापुढची आली. तू विचारायचीस, मी म्हणायचो, "प्रकाशक ऐकत नाहीत. म्हणतात, अशा ओळीनं कादंबरी मरते." तू म्हणायचीस, "पुन्हा विचारून बघ." मी म्हणायचो, "बघतो." ताई, मी प्रकाशकांना कधी विचारलंच नाही. एकदाही नाही. ही ओळ छापली असती तर काय झालं असतं? कादंबरी खपायची थांबली नसती. लोकांनी मला वाळीत टाकलं नसतं. फक्त सभागृहात एखाद्यानं माझ्याकडे वेगळ्या नजरेनं बघितलं असतं, आणि ती नजर सोसायची माझी तयारी नव्हती. कीर्ती म्हणजे काय, असं मला फार वेळा विचारतात. मी भारदस्त काहीतरी सांगतो. खरं म्हणजे ती एक खोली आहे, तिथं कुणी आपल्याला ओळखत नाही आणि सगळे आपल्याला नमस्कार करतात. एकदा आत बसलं की दार उघडवत नाही.

मुक्ताला बीएला तीच कादंबरी लागली. निर्मलेवरचा तो प्रश्न तिनं सोडून दिला आणि बाहेर आल्यावर मला फोन केला. "मामा, सिरीयसली? मी आजीचे केस विंचरलेत. मी काय लिहू त्यात?" मी म्हटलं, "बाळा, साहित्य आणि वास्तव यांत फरक असतो." तिनं फोन ठेवला तो पुढं बरेच महिने उचललाच नाही.

मग तो सत्कार. तू दुसऱ्या रांगेत बसली होतीस, भाऊजींच्या शेजारी, नवी साडी नेसून. सूत्रसंचालक गोड मुलगा होता. त्यानं विचारलं, "सर, निर्मला तुम्हाला भेटली कुठं?"  माझ्यासमोर तू होतीस. मी पेला उचलला, पाणी प्यालो, आणि म्हणालो, "निर्मला प्रत्येक घरात असते." काय टाळ्या पडल्या!

नंतर चहाच्या वेळी तू माझ्यापाशी आलीस. मी तुझ्याकडे न बघता विचारलं, "कसं झालं?"

"वाक्य छान होतं," म्हणालीस. "आधी सुचलं की पाणी पिताना?"

त्यानंतर तू त्या ओळीचं कधीच विचारलं नाहीस. आवृत्त्या निघत राहिल्या. मला वाटलं, वय झालं, विसरलीस. किंवा माफ केलंस. बहिणी करतात, असं आपल्याकडे गृहीतच असतं. मी निवांत झालो. येताना पुन्हा पेढे आणायला लागलो.

शेवटच्या आठवड्यात इस्पितळात तू मोसंबं सोलून मागितलंस. मी सोलत होतो आणि तुझ्या हाताकडे बघत होतो. सुई टोचून टोचून तो जांभळा पडला होता, आणि बांगड्या काढल्या होत्या तिथं गोरे वळ राहिले होते. माझ्या डोक्यात वाक्य तयार व्हायला लागलं. इथं ते लिहिणार नाही. चांगलं होतं, एवढं सांगतो. तुझे डोळे मिटलेले होते असं मला वाटलं होतं.

"लिहून घेतलंस?" तू म्हणालीस.

"काय?"

"हात. बघत होतास ना." मग जरा हसलीस, ओठ सुकले होते म्हणून अर्धंच. "या खेपेला मला जरा बरी कर."

तेव्हा बोलायला हवं होतं. खोलीत कुणी नव्हतं. भाऊजी औषधं आणायला खाली गेले होते. मी म्हटलं, "डॉक्टर म्हणाले, सोमवारी घरी सोडतील." तू म्हणालीस, "मोसंब्याच्या बिया काढ रे." मी बिया काढल्या. सोमवारी तुला घरी आणलंच, पण ते तसं नव्हे.

दहावा झाला, तेरावं झालं. मग प्रकाशक भेटायला आले. चांगला माणूस आहे. पायातले बूट काढायला त्यांना वाकवत नाही, तरी काढून आले. म्हणाले, "तुमच्या ताई फार साध्या हो. त्या सत्काराच्या दिवशी चहाच्या रांगेत मला म्हणाल्या, तुम्ही त्या एका ओळीला 'नाही' का म्हणता? मला काही कळेना. म्हटलं, कुठली ओळ? नंदकुमारांनी दिली तर उद्या छापतो. 'असं होय,' म्हणाल्या, आणि बिस्किटांची बशी माझ्यापुढं केली. 'मी विचारलं ते त्याला सांगू नका,' म्हणाल्या, म्हणून आजवर बोललो नाही."

 मी त्यांना चहा दिला. कपबशीत.

तर तुला ठाऊक होतं. 'वाक्य छान होतं' म्हणालीस तेव्हाच ठाऊक होतं. विसरली नव्हतीस आणि माफही केलं नव्हतंस. तू माझ्याकडून अपेक्षा करणं थांबवलंस, एवढंच. तिथून पुढं इतकी वर्षं मला जेवायला वाढलंस, राख्या बांधल्यास, फोनवर भाजीचे भाव सांगितलेस, आणि त्या सगळ्यात मी कुठंच नव्हतो. कावळा लगेच शिवला, तो का, हे मला त्या दिवशी प्रकाशकांसमोर कळलं. गुरुजी बरोबर म्हणाले होते. काही अडकलं नव्हतं तुझं. अडकवायला माझ्यावर काही ठेवलंच नव्हतंस तू.

मी प्रकाशकांना सगळं सांगितलं. म्हटलं, आता तरी ती ओळ घ्या, पहिल्या पानावर. ते म्हणाले, "नुसती ओळ? वाचकाला संदर्भ लागणार नाही हो. उलट गोंधळ होईल. त्यापेक्षा तुम्ही सविस्तर लिहा. मनापासून. प्रस्तावना म्हणून घेऊ, वेगळी आवृत्ती करू." म्हणजे प्रकाशक ओळीला नाही म्हणतात, हे माझं खोटं शेवटी खरं झालं. तुला हे ऐकून मजा वाटली असती.

इथपर्यंत लिहून मी ते मुक्ताला पाठवलं. ती म्हणाली, भेटून बोलू. तिच्या खराडीच्या ऑफिसखाली एक कॅन्टीन आहे, तिथं गेलो. गळ्यात ओळखपत्र, समोर निवत चाललेली कॉफी. तिनं पुन्हा एकदा फोनवर पहिल्यापासून वाचलं. डोळे तुझे आहेत तिचे. मी टेबलाकडे बघत बसलो.

"छान लिहिलंयस, मामा," ती म्हणाली.

त्यापेक्षा तिनं थोबाडीत द्यायला हवी होती.

"यावर पण टाळ्या पडतील बघ. किती ऑनेस्ट, किती ब्रेव्ह. माहितीये ना तुला?"

"माहितीये."

"मग कशाला लिहिलंस?"

  न लिहिलं असतं तर गप्प बसलो असतो, आणि लिहिलं तर हे असं, पुन्हा मीच मधोमध, दिव्याखाली. तू मागितली होतीस एक ओळ. मी पानंच्या पानं भरली.

मुक्तानं फोन वर-खाली सरकवला. मग म्हणाली, "आणि माझ्या आईचं नाव कुठंय?"

"म्हणजे?"

"तुझं आहे. माझं आहे. निर्मलाचं तर आहेच, जागोजागी. आईचं नाव एकदाही नाहीये, मामा. लोक परत निर्मलाच म्हणणार तिला." तिनं कॉफी तशीच ठेवली. "मीटिंग आहे माझी," म्हणाली, आणि लिफ्टकडे गेली.

मी तिथंच बसून सगळं पुन्हा वाचलं. खरंच नव्हतं.

हे तुला आता नको आहे, हे मला ठाऊक आहे. कावळ्यानं ते सगळ्यांदेखत सांगितलंय. पण घाटावर मी जुळवून नेलेलं वाक्य तेवढं मी फेकून दिलंय. हे तुझं आहे, तू फोनवर सांगितलेलं. नाव मुक्तानं घालायला लावलं.

माझ्या बहिणीचं नाव शैलजा. आमची आई तिच्याकडे होती, शेवटपर्यंत.